आक्रोश आणि हॉस्टेलमधली ट्रंक

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो आणि पहाटे कोल्हापुरात उतरलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. जुलैमध्ये आमच्या गावात क्रिकेटचा स्कोअर कोणी विचारत नाही, राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सकाळी चहा घेतानाच बाबांनी मोबाईल बघून आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "आज कुठं बाहेर पडू नकोस." झालं! मिसळ रद्द, रंकाळा रद्द. मग काय, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पिक्चर लावला.

'टू किल अ मॉकिंगबर्ड'. ऑफिसमधला एक मित्र वर्षभर मागे लागला होता, बघ बघ म्हणून. १९६२ चा कृष्णधवल सिनेमा, हार्पर ली यांच्या १९६० च्या कादंबरीवरचा. गोष्ट १९३० च्या दशकातल्या अलाबामातली. टॉम रॉबिन्सन नावाच्या कृष्णवर्णीय माणसावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची केस घेतो. ग्रेगरी पेकला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. कोर्टातला पुरावा इतका सरळ आहे की कोणी ज्युनिअर टेस्टरही बग क्लोज करून टाकेल. मुलीला मार लागलाय तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुतेक डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणी मशिनमध्ये सापडून कायमचा निकामी झालेला. आणि मुलीचा बाप? डावखुरा! तरीही सगळी गोरी ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

पिक्चर संपला. बाबा मागे खुर्चीत बसून कधीपासून बघत होते कुणास ठाऊक. म्हणाले, "चांगला हाय. पण वकील लईच देवमाणूस दाखवलाय. आपला 'आक्रोश' बघितलायस काय?"

मी नव्हता बघितला. (मंडळी, हसू नका. आमच्या पिढीला ओम पुरी म्हटलं की आधी कॉमेडी आठवते.) जेवण झाल्यावर तोही लावला.

(पुढे शेवट सांगणार आहे. १९८० चा पिक्चर आहे, आता काय लपवायचं! तरी ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.)

गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. सिनेमा हिंदी, पण सगळा आपल्या मातीतला. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. भास्कर कुलकर्णी हा नवखा वकील (नसीरुद्दीन शाह) त्याच्या बचावाला सरकारतर्फे दिलेला. आणि अशील एक शब्द बोलत नाही! तुरुंगात नाही, कोर्टात नाही. वकील समजावतो, चिडतो, हात टेकतो. हा नुसता बघतो. ओम पुरीने जवळजवळ सगळा सिनेमा डोळ्यांवर काढलाय. बायकोवर, म्हणजे नागीवर (स्मिता पाटील), अत्याचार करून तिला मारणारे गावातले वजनदार लोक आहेत. ते संध्याकाळी क्लबात पत्ते कुटत बसलेले असतात. वर सरकारी वकील दुसाणे (अमरीश पुरी) हा भास्करचा गुरू, आणि स्वतः आदिवासी. त्याला फोनवर जातीवरून शिव्या येतात, त्या तो गिळतो आणि केस मात्र कायद्याला धरून चालवतो.

शेवटी भिकूचा बाप मरतो. अंत्यसंस्कारासाठी भिकूला बेड्या घालून आणतात. तिथे मुकादमाची नजर आपल्या तरुण बहिणीवर फिरतेय हे तो बघतो, कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. बायकोचं झालं ते हिचं होऊ नये म्हणून. आणि मग आभाळाकडे बघून ओरडतो. पूर्ण सिनेमात त्याच्या तोंडून निघालेला मोठा आवाज तेवढाच.

घरात कोणी काही बोललं नाही. आई उठून देवघरात दिवा लावायला गेली.

दोन्ही सिनेमांत आरोपी निरपराध, दोन्हीकडे वकील प्रामाणिक. पण मॉकिंगबर्डमध्ये आपण वकिलाच्या मुलीच्या डोळ्यांनी बघतो आणि टॉमला कोर्टात निदान बोलायला मिळतं. 'आक्रोश'मध्ये भिकूला ठाऊक आहे की बोलून उपयोग नाही. बोललो तर उरलेल्यांनाही मारतील. त्याचं न बोलणं हीच त्याची साक्ष आहे, फक्त ती कोर्टाच्या कुठल्या कागदावर येत नाही.

आणि हे सगळं पिक्चरमध्येच घडतं असं कोणी समजू नये. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खुनाची एक भयंकर घटना घडली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात पकडलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्या घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळेच लोक ओळखले होते, त्यांचा धड तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं! मी तेवढ्या वेळात पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत पोचलो.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे. कोडची कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते ती सांगते. नवीन पोरं तिचा निकाल प्रमाण मानतात आणि नाव दिसलं की त्याच्या टेबलाकडे धावतात. चार-पाच वेळा तोंडावर आपटल्यावर कळतं की ओळ कोणाचीही असो, चूक भलतीकडेच असू शकते. पण माणसांच्या बाबतीत आपण तेवढाही शोध घेत नाही. तिथे नाव नाही, आडनाव बघतो.

तर आता सांगायचा मुद्दा. हे सगळं मी का लिहितोय?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या हॉस्टेलवर एकाचा नवा मोबाईल गेला. मजल्यावर एक मुलगा होता, पारधी समाजातला. ॲडमिशनच्या यादीत नावापुढे एसटी होतं, पण जमात कोणाला माहीत नव्हती. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना कोणीतरी त्याचा दाखला बघितला आणि मजलाभर झालं. मोबाईल गेला तेव्हा कोणी स्पष्ट बोललं नाही, पण रात्री अकराला सात-आठ जण त्याच्या खोलीत शिरले. लाईट गेलेली. "सगळ्यांचंच चेक करतोय," असं त्याला सांगितलं. सगळ्यांचं कोणी केलं नाही. त्याने न बोलता ट्रंकेची किल्ली काढून दिली. दोन शर्ट, पुस्तकं, चिवड्याचा डबा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईबापाचा फोटो. तो फोटोसुद्धा उलगडून बघितला.

चार दिवसांनी मोबाईल सापडला. मालकाच्याच स्कूटरच्या डिकीत! त्याने ग्रुपवर टाकलं, "सापडला रे :)". त्यावर वीसेक अंगठे आले. तो मुलगा त्या ग्रुपवर नव्हताच.

आता कोल्हापूरकर म्हणून मिरवायला मी कायम पुढे. शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के आरक्षण दिलं हे कोणालाही ऐकवतो. पण रोज चावडीवर हजेरी द्यायला लावायची पद्धत महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्याचा अर्थच मला कळला नव्हता. अमुक जातीत जन्मला म्हणून तो चोर, त्याने रोज येऊन आपण इथेच आहोत हे दाखवायचं, अशी ती हजेरी. महाराजांनी ती तर काढलीच, वर फासेपारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. ज्यांना लोक चोर म्हणत त्यांच्या हातात पहारा! अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदाही दिल्या. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मात्र जायला १९५२ साल उजाडलं. आणि त्यानंतर साठेक वर्षांनी, त्या हॉस्टेलवर, आम्ही परत हजेरी घेतली.

रविवारी दुपारी पाऊस जरा उघडला. जुन्या मित्राकडून त्याचा नंबर मिळवला. तो आता सोलापूरकडे एका सरकारी खात्यात इंजिनिअर आहे. नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. इकडचं तिकडचं झालं, पुराचं झालं. मग मी एकदाचं बोललो, की त्या रात्री जे झालं ते चुकीचं होतं, मला माफी मागायची आहे, मी खरं तर नुसता मागे उभा होतो...

तो म्हणाला, "मागं नव्हतास. मोबाईलची बॅटरी तू धरली होतीस."

मला हे आठवत नव्हतं. म्हणजे त्याने सांगेपर्यंत खरोखरच आठवत नव्हतं. आणि सांगितल्यावर सगळं आठवलं, फोटोवरचा वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर पडलेला माझा उजेड.

मी पुन्हा सॉरी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक हाय. एवढ्या वर्षात फोन करणारा तू पहिलाच." माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

रात्रीच्या गाडीने पुण्याला परत निघालो. असो. 'आक्रोश' बघितला नसेल तर जरूर बघा. आणि बघताना वकिलाकडे नको, क्लबात पत्ते खेळणाऱ्यांच्या आजूबाजूला गप्प उभ्या असलेल्या माणसांकडे बघा. मी तिथेच कुठेतरी आहे.