नेणारा

रेणूंना नावे देण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ मंडळी सहसा रुक्षच. चार अक्षरे आणि एक आकडा जोडला की त्यांचे काम झाले. त्यामुळे १९९४ साली अमेरिकेत ओळखल्या गेलेल्या एका प्रथिनाचे ‘नेट्रिन’ हे नाव संस्कृत ‘नेतृ’वरून, म्हणजे ‘नेणारा’ या अर्थाने ठेवले गेले, हे वाचनात आल्यावर आम्हा भाषेच्या शिक्षकांना त्याच्याविषयी उगीचच आपलेपणा वाटू लागला. त्यातून आम्ही पडलो धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६च्या अखेरीस याच गावी देह ठेवला आणि त्यांचा मराठी धातुकोश पुढे येथूनच प्रसिद्ध झाला. नेता, नायक, नीती, विनय, अभिनय अशी प्रजा असलेल्या ‘नी’ धातूला प्रयोगशाळेत झालेले हे नवे अपत्य त्यांना दाखवले असते, तर ते संतापले असते की हरखले असते, याचा निर्णय आमच्याने अद्याप झालेला नाही. असो.

हा नेणारा नेतो कोणाला? गर्भावस्थेत चेतापेशी जन्मते एका जागी आणि तिचे काम असते भलत्याच जागी. तिथवर तिला एक तंतू पाठवावा लागतो. या वाढत्या तंतूच्या टोकाशी बोटे फुटलेल्या पंजासारखा भाग असतो. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी तो १८९०मध्ये कोंबडीच्या गर्भात पाहिला. त्यांच्या भिंगाखाली होते ते मृत, रंगवलेले ऊतक. तरीही हा पंजा चाचपडत पुढे सरकत असावा आणि कसली तरी रासायनिक द्रव्ये त्याला ओढत असावीत, असा तर्क त्यांनी केला. निश्चल खुणांतून गती वाचणारी ही दृष्टी आम्हाला थोर टीकाकाराची वाटते. द्रव्य हाती लागायला मात्र शंभर वर्षे जावी लागली. (पुण्याच्या ‘आयसर’मध्ये अर्णब घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्याच गर्भातील तंतू घेऊन, हा पंजा पायाखालची भूमी धरतो कसा, याचा शोध घेतला आहे.)

खरे नवल घडते ते मध्यरेषेवर. काही तंतूंना शरीराची एक बाजू सोडून दुसरीकडे जायचे असते, आणि तेही एकदाच. नेट्रिन त्यांना मध्यरेषेकडे नेते. मग जिथे ओढ तिथेच मुक्काम का पडत नाही? कारण त्याच रेषेवर ‘स्लिट’ नावाचे, दूर लोटणारे प्रथिनही असते. येताना तंतू त्याच्या बाबतीत जवळजवळ बहिरा असतो. रेषा ओलांडताच कान उघडतात आणि नेट्रिनची ओढ विझते. मागे फिरण्याची सोय उरत नाही.

नेट्रिन दुरून गंधासारखे खुणावते, असे पाठ्यपुस्तके बरीच वर्षे सांगत आली. २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांत मध्यरेषेवरचे नेट्रिन काढून टाकले, तरी पश्चमेंदूतले तंतू पलीकडे गेले. वाटेवरच्या पेशींनी अंथरलेले नेट्रिन त्यांना पुरले होते. पुढच्या अभ्यासांत दोहोंचाही वाटा दिसला. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघालेली पालखी कळसाच्या ओढीने चालते की एक गाव तिला पुढच्या गावाच्या स्वाधीन करते म्हणून चालते, असाच हा वाद आहे. आमचा कल गावांकडे.

हे सारे आम्ही आवडीने वाचलेले नाही. जळगावची आमची पुतणी उजव्या हाताने लिहू लागली की डाव्या हाताची बोटे तेच अक्षर हवेत गिरवतात. शाळेत याला चाळा म्हटले गेले, डावा हात मांडीखाली दाबून बसण्याची शिक्षा झाली. पुढे तपासणीत ‘डीसीसी’ या जनुकातला दोष निघाला. पंजावर बसून नेट्रिन ओळखणारे ग्राहक प्रथिन याच जनुकातून घडते; त्यातल्या दोषाचा अशा ‘आरशातल्या हालचालीं’शी असलेला संबंध २०१०मध्ये उघड झाला. मेंदूकडून हातांकडे येणारे तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. तिच्या बाबतीत त्यांतले काही बदलायचे राहिले असावेत. बुद्धीला धक्का नाही, आजार वाढत नाही, औषधही नाही. फार वेळ लिहिले की दोन्ही हात भरून येतात, एवढेच. पण दहावीच्या तीन तासांच्या पेपरात ‘एवढेच’ हा शब्द फार मोठा होतो.

असा दोष आईबापांपैकी एकाकडूनही येतो, आणि बाळगणाऱ्यात तो दिसेलच असे नाही. हे ऐकल्यावर भावाला आमच्या वडिलांची आठवण झाली. ते धार काढीत ती एका हाताने. डावा हात चरवीच्या काठाला घट्ट धरलेला. दोन हातांनी आळीपाळीने धार काढणारे गडी त्यांना हसत, आणि गाईला अशीच सवय आहे, असे ते सांगत. आमच्याकडे गाई तीनदा बदलल्या.