परतीचा चेक

अठरा वर्षं काउंटरवर बसून मी लोकांचे चेक परत केले. त्या सगळ्यांचा सूड एका रात्री माझ्या पोटानं उगवला.

दोनच्या सुमारास छातीच्या मध्यभागी असा विस्तव पेटला, की मी उठूनच बसलो. "अहो, काय होतंय?" सौ.नं विचारलं. मी अत्यंत मृदू आवाजात म्हणालो, "पॉलिसीचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत." संसारात मी आपणहून तिला दिलेली ही पहिलीच माहिती. ती रडू लागली. मग मीही घाबरलो.

हृदयाचा आलेख निघाला. स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, "आलात ते बरं केलंत. अशा वेळी हृदय आधी तपासायचंच. तुमचं हृदय ठीक आहे, दार बिघडलंय."

अन्ननलिका जठराला मिळते तिथं म्हणे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की उघडायचं, गेला की मिटायचं. ते ढिलं पडलं की आम्ल वर चढतं. जठराला आम्ल सोसणारं अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. मला चटकन समजलं: दारावरच्या शिपायाला डुलकी!

"काल काय खाल्लंत?"

सकाळी पेठेतली मिसळ, वर दोनदा रस्सा. दिवसभरात सहा अमृततुल्य चहा. रात्री दहाला लग्नाची पंगत, जिलबीचा आग्रह. नंतर पट्टा न सोडताच लोळण. डॉक्टरांनी एकेक व्हाउचर तपासलं. तेलकट अन्न जठरात रेंगाळतं, चहा पुष्कळांना बाधतो, पोटाचा घेर नि पट्टा खालून दाबतात, आडवं झालं की गुरुत्वाकर्षणही साथ सोडतं. काहींच्या जठराचा वरचा भागच पडद्यातून छातीत सरकलेला असतो.

"अम्लपित्त माधवनिदानातही आहे," मी मिसळीची बाजू घेतली.

"असेल. पण नुसत्या गोळ्या चघळत बसू नका. वरचेवर व्हायला लागलं, घास अडकला किंवा वजन उतरलं, तर पुन्हा या."

आता जेवण झोपेच्या तीन तास आधी. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. आणि डाव्या कुशीवर झोपायचं, त्यानं आम्ल कमी चढतं. डावीकडे सौ. असते. अठरा वर्षं मी उजव्या कुशीवर झोपत आलो होतो.

परवा दिवा मालवल्यावर ती म्हणाली, "ते कागद नेमके कुठल्या कप्प्यात म्हणालात?"

डाव्या कुशीवर असल्यामुळे घोरण्याचं सोंग जमेना. उठलो, दिवा लावला आणि एकेक कागद तिला दाखवला.