आठ तासांच्या कामाला चौदा तास

आठ तासांचा दिवस आपल्याला कुणी दानात दिलेला नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे आपण दर १ मे रोजी सांगतो. पण आठ तासांच्या मागणीमागचा हिशेब पूर्ण सांगत नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास माणसाचे स्वतःचे. घर, वाचन, संघटना, मुलांचा अभ्यास हे सगळे त्या तिसऱ्या आठ तासांत येते. आमचा प्रश्न त्याच तासांचा आहे. ते जातात कुठे?

आम्ही बदलापूरला राहतो आणि परळ भागात ठेकेदाराकडे हाउसकीपिंग व सिक्युरिटीचे काम करतो. घर ते कामाची जागा अडीच तास. त्यात शेअर रिक्षाची रांग, लोकल, पुढे बस असे सगळे आले. जाऊन-येऊन पाच तास. आठ तासांची ड्युटी, जेवणाचा एक तास धरला की चौदा होतात. महिन्याचे २६ दिवस धरा : १३० तास प्रवासात. आठ तासांची एक हजेरी मानली तर या सोळा हजेऱ्या झाल्या, आणि त्यांचा एक रुपयाही मिळत नाही. गाडी लेट झाली की अर्धा दिवस कापतात, तो वेगळाच.

लोक म्हणतात, लोकलचा पास तर स्वस्त आहे. खरे आहे. पैसे जातात ते पासाच्या दोन्ही टोकांना. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाचे २० रुपये, तिकडे बसचे १०. दोन्ही वेळचे मिळून रोजचे ६०, महिन्याचे १,५६०. हातात येणारे १५,००० धरले तर दहावा हिस्सा पास काढण्याआधीच संपला. आमच्यातल्या बायका पहाटे चारला उठून डबे करतात आणि रात्री परतून पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. त्यांच्या वाट्याला तिसरे आठ तास तर सोडाच, दुसरेही पूर्ण येत नाहीत.

मग जवळ राहा, असे सांगणारेही भेटतात. दूर राहणे ही आमची आवड नाही. ज्या परळमध्ये आम्ही लाद्या पुसायला जातो, तिथेच आमच्या आधीच्या पिढीतले लोक गिरणीत जात आणि चाळीत राहत. विणखात्यात आपल्या माणसाला शिवाशिवीमुळे घेत नसत, तरी भोंगा वाजला की चालत पोहोचता येत होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणी कामगारांना घरे द्यायची वेळ आली तेव्हा सरकारने बोट दाखवले ते बदलापूरच्याही पुढे, वांगणी-शेलूकडे. शहरात भाड्याने खोली बघायला जावे तर आधी डिपॉझिट विचारतात आणि मग आडनाव.

कायदा काय म्हणतो तेही बघा. राज्य कामगार विमा कायद्यात २०१० साली कलम ५१-ई आले. घरातून कामावर जाताना किंवा परतताना अपघात झाला आणि त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर तो कामावरचाच अपघात मानतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातून माणसे पडली आणि मेली. म्हणजे विम्याच्या हिशेबात लोकलमधून पडून मेलो तर आम्ही कामावर होतो, आणि धडधाकट पोहोचलो तर तो वेळ आमचा खासगी! हा कसला न्याय?

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणतात. ठेकेदारापुढे संमती नाकारणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर असतो का? बारा तास काम आणि पाच तास प्रवास, झाले सतरा. उरलेल्या सातांत झोपायचे, की ‘शिका, संघटित व्हा’ करायचे?

म्हणून तरुण मित्रांना सांगणे आहे की हा प्रश्न फक्त प्रवासी संघटनांचा नाही. किमान वेतनाची चर्चा होते तिथे प्रवासभत्ता मागा. सरकारी नोकराला तो मिळतो, मग त्याच इमारतीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी माणसाला का नाही? वस्तीत प्रत्येकाला विचारा, विम्याचे कार्ड आहे का? नसेल तर विम्याचे हे संरक्षण त्याच्या उपयोगाचे नाही. २०१९ ला मंजूर झालेली कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका अजून पूर्ण का नाही, हे आमदार-खासदारांना जाहीर सभेत विचारा. आणि चळवळीच्या बैठका दादरलाच नकोत. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरला घ्या, रविवारी घ्या, मेगाब्लॉक बघून घ्या. अभ्यासिका स्टेशनजवळ काढा.

ज्याच्याकडे वेळ नाही तो वाचत नाही, सभेला येत नाही, आणि मग त्याच्या वतीने दुसरेच बोलतात. बाबासाहेबांच्या काळात कारखान्यातले तास कमी झाले. रस्त्यात जाणारे तास परत मिळवायची लढाई आपल्याला लढायची आहे.

जय भीम.