सोपाऱ्याचा धातू

परवा आम्ही मुलाबाळांसह नालासोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो. वंदना आटोपली आणि एका ताईंची अंगठी गवतात पडली. शोधता शोधता मुले म्हणाली, “मेटल डिटेक्टर हवा होता!”

आम्ही त्यांना सांगितले, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना याच स्तूपात दगडी पेटी सापडली. आत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. सोन्यात काय? मातीच्या भांड्याचे १३ तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले.

मेटल डिटेक्टर धातूवर वाजतो. आपल्या धम्मात ‘धातू’ म्हणजे पवित्र अवशेष. त्या खापरांवर मात्र यंत्र मुकेच राहिले असते.

अंगठी सापडली. पण परतताना मुले खापरांविषयीच विचारत होती.