खोक्यातला आवाज, फळीवरचा आवाज

स्पीकर म्हटलं की डोळ्यांसमोर खोकं येतं. लग्नाच्या मांडवातला असो, उरुसातला असो की टीव्हीशेजारचा. एका साध्या फळीला गोल भोक पाडून त्यात बसवलेला, मागून पूर्ण उघडा स्पीकरही असतो, हे सांगितलं तर लोक विचारतात, "काम अर्धवट राहिलंय का?" या प्रकाराला ओपन बॅफल म्हणतात. आमच्या मिरजेच्या घरात गेली दोन वर्षं खोकी आणि फळ्या दोन्ही आहेत. कुणी 'यातलं चांगलं कुठलं?' असं विचारलं, की मी आधी उलट विचारतो: ऐकणार कोण, काय ऐकणार आणि कुठल्या खोलीत?

खरं तर उघडा स्पीकर आपल्याला नवा नाही. आजोबांच्या पिढीतला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. पुढून लाकूड आणि जाळीचं कापड, मागे भोकं पाडलेला पातळ पुठ्ठा. व्हॉल्व्ह तापायचे, म्हणून मागची बाजू उघडी ठेवावी लागे. म्हणजे तो एक प्रकारचा ओपन बॅफलच होता. त्या रेडिओवरचा निवेदकाचा आवाज खोलीत माणूस बसून बोलतोय असा वाटायचा, असं जुनी माणसं सांगतात. त्यात आठवणींची साखर असेल, पण थोडं भौतिकशास्त्रही आहे.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर पुढून जेवढा आवाज करतो, तेवढाच मागूनही करतो, फक्त उलटा. हे दोन आवाज एकमेकांना भेटले तर एकमेकांना खोडतात. बारीक, उंच आवाजांच्या बाबतीत हे फारसं घडत नाही. पण खोल आवाजाची लहर लांब असते. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब भरते. तिला दीड फुटाच्या फळीला वळसा घालून मागच्या लहरीला गाठणं काहीच अवघड नाही. म्हणून फळीवरचा स्पीकर खालच्या पट्टीत दुबळा पडतो. काही शे हर्ट्झच्या खाली, वारंवारता निम्मी झाली की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो.

खोकं आलं ते या मागच्या आवाजाला कोंडण्यासाठी. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला, तेव्हा बॅफलचा विचारही सोबत होता. १९५४ साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी हवाबंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि लहानशा खोक्यातून खोल बास काढून दाखवला. पुढे हवेची नळी असलेली खोकी घरोघर पोचली. आज वीतभर उंचीचा स्पीकरही ढोलाचा ठोका देतो, ते खोक्याचं देणं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण कोंडलेला आवाज नाहीसा होत नाही. तो आत आपटतो, खोक्याच्या भिंती हलवतो, पातळ कागदी शंकूतून परत बाहेर झिरपतो. महागडी खोकी जाड भिंती, आतल्या पट्ट्या आणि कापूस-लोकर घालून हे खूप कमी करतात. स्वस्त खोक्यात ते राहतंच, आणि सगळ्यात आधी जाणवतं माणसाच्या आवाजात. साथ नसलेली किरअत लावा, कारी अब्दुल बासित यांची लावा. लांब श्वासातला आवाज एका ठरावीक सुरावर आला की खोकं जागं होतं आणि कारींसोबत तेही गुणगुणायला लागतं.

ही गोष्ट मला आधी अब्बांनी सांगितली, आणि त्यांना ती कुठल्या पुस्तकात वाचावी लागली नाही. अब्बांनी चाळीसेक वर्षं तंबोरे केले. मिरजेत सतारमेकरांची ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाहेरच्यांना ती नव्याने कळली. अब्बांचं खास काम जवारीचं. घोडीचा पृष्ठभाग घासून घासून असा करायचा, की तार तिला हळुवार स्पर्श करत राहील आणि एका सुरातून सुरांचा अख्खा पंखा उघडेल. हे हाताचं काम कमी आणि कानाचं जास्त. अब्बांचं म्हणणं असं, की भोपळा गायला पाहिजे, त्यासाठीच तो निवडून घेतात. पण स्पीकरच्या पेटीने का गावं? गाणारा आधीच गाऊन गेलाय. वाद्याला स्वतःचा आवाज हवा, स्पीकरला नको. खोकं विरुद्ध फळी या वादात याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

सत्तरीनंतर अब्बांचे कान उतरले. वयाने जाणारी श्रवणशक्ती वरच्या पट्टीतून जायला सुरुवात होते, आणि स, श, फ, त, ख यांसारखी व्यंजनं ओळखायला मदत करणारा बराचसा आवाज तिथेच असतो. जवारीची चमकही तिथेच. ज्या माणसाने आयुष्यभर तो पंखा उघडला, त्याला तोच ऐकू येईना. काम थांबलं. घरी खोक्यांवर अब्दुल करीम खाँसाहेब लावायचे आणि आवाज वाढवत न्यायचे. मग शेजारच्या वहिनी दारात, संकोचून: "चाचा, मुलाची दहावी आहे हो." अब्बा ताबडतोब बंद करायचे. मग लावणंच बंद झालं. मी म्हटलं, हेडफोन घ्या. ते म्हणाले, "आवाज लई है, पन लफ्ज नै समजते."

त्या एका वाक्यात सगळा आजार होता. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकतो. आमची खोली १० बाय १२. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७, ५६, ९४ हर्ट्झच्या आसपासचे आवाज घुमत राहतात. कोपऱ्यातलं खोकं नेमक्या त्याच घुमण्याला खतपाणी घालत होतं. अब्बा आवाज वाढवायचे तो शब्दांसाठी, वाढायची मात्र घुमक. आणि भिंतीपलीकडे जायचीही तीच, कारण बास भिंत सहज ओलांडतो.

पहिला उपाय फुकटचा होता. खोकी कोपऱ्यातून काढून दोन्ही भिंतींपासून दोन फूट पुढे, स्टुलावर ठेवली आणि बासचं बटण खाली आणलं. निम्मा फरक तिथेच पडला. मग ओळखीच्या सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन फळ्या कापून घेतल्या, त्यात आठ इंची फुल-रेंज स्पीकर बसवले, मागे तिरके टेकू दिले. स्पीकर निवडताना एकच पाहिलं: आकड्यांच्या तक्त्यात क्यूटीएस ०.७ च्या वर हवा. खोक्यासाठी बनवलेला घट्ट स्पीकर फळीवर आणखी कोरडा वाजतो.

फळीचा स्पीकर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आवाज फेकतो: पुढे आणि मागे भरपूर, दोन्ही बाजूंना जवळजवळ काहीच नाही. आमची आणि वहिनींची सामाईक भिंत फळ्यांच्या बाजूला येते. समोर तेवढाच आवाज ठेवूनही असा स्पीकर खोलीत एकूण एक तृतीयांशच ऊर्जा सोडतो, त्यामुळे खोली कमी घुमते. झिगफ्रीड लिंकविट्झ या अभियंत्याने निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं याच गुणासाठी उघड्या स्पीकरांवर घालवली. मागचा आवाज मात्र फुकट जात नाही. फळी भिंतीपासून साडेतीन फूट पुढे ठेवली तर तो आपटून ६ मिलिसेकंद उशिरा येतो आणि गाण्याला थोडी खोली देतो. भिंतीला चिकटवली तर सगळा चिखल होतो. आमच्या खोलीत साडेतीन फूट जागा म्हणजे दिवाणच हलवावा लागला. अम्मींनी तो हलवू दिला, हे या प्रयोगातलं सर्वांत मोठं योगदान.

फळीने काय दिलं नाही, तेही सांगायला हवं. डग्ग्याचं वजन गेलं. माझ्या मुलाला सिनेमातले स्फोट मिळमिळीत वाटतात, त्यासाठी तो खोकीच लावतो आणि बरोबर करतो. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांत मुळात खोल बास फारसा नाही, म्हणून तिथे काही हरवलं नाही. कव्वालीत मात्र टाळ्या समोर येतात आणि ढोलकाचा ठोका मागे राहतो. आणि कुठलाही स्पीकर गेलेले कान परत आणत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याची मनधरणी आम्ही वर्षभर करत होतो. तिथे अब्बा तयार झाले ते फळ्यांवर खाँसाहेबांचे शब्द पुन्हा लागायला लागल्यावर. थोडं परत येतंय हे कळलं, की माणूस उरलेलंही मागायला जातो. आता उजव्या कानाला यंत्र आहे. जवारी पूर्वीसारखी ऐकू येत नाही, असं ते स्वच्छ सांगतात. पण कारखान्यातली पोरं तंबोरा घेऊन आली, तर बोटाने दाखवतात, इथे अजून घास.

ज्यांच्याकडे मोठी खोली, जाड भिंती आणि तरुण कान आहेत, त्यांनी चांगली खोकी घ्यावीत, पस्तावणार नाहीत. छोटा फ्लॅट, सामाईक भिंत आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर पैसे खर्च करण्याआधी खोकी कोपऱ्यातून बाहेर काढून पाहा, बास उतरवून पाहा. मग वाटलं तर फळी करा. आणि घरातलं कुणी गाणं लावणं अचानक बंद करत असेल, तर 'आता आवड राहिली नाही' असं धरून बसू नका. शब्द ऐकू येतात का, ते विचारा.