मनातले मांडे आणि वेष्टनावरची मराठी

बेळगावात मांडे दोन ठिकाणी भाजले जातात. एक उपड्या घातलेल्या खापरावर आणि दुसरे मनात. पहिल्या मांड्यांना लग्नसराईत मागणी असते. दुसऱ्यांचा हंगाम बारमाही असतो. गेल्या ज्येष्ठात माझी भाची घरी आली आणि म्हणाली, "मामा, मी गोळ्यांचा धंदा काढते आहे." मी हे दुसऱ्या प्रकारचे मांडे समजलो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले.

तिने माझ्यापुढे लॅपटॉप उघडून ठेवला. पुण्यातील नोकरी सुटल्यावर ती दोन लाख रुपये गाठीला बांधून शहापूरला आईकडे परतली होती. त्या पैशांवर माझ्या बहिणीचा डोळा मुलीच्या लग्नासाठी होता आणि मुलीचा डोळा कढई, साचे व तापमापकासाठी. मायलेकींत सहा महिन्यांचा करार झाला होता. सहा महिन्यांत धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक. नाहीतर उरलेली रक्कम बँकेत जाईल आणि भाची पुन्हा पुण्याला. लॅपटॉपवर या सहा महिन्यांचा आराखडा होता: साखर किती, लिक्विड ग्लुकोज किती, गॅस किती, किरकोळ दुकानदाराचा वाटा किती. गोळ्या नेहमीच्या संत्र्या-लिंबाच्या नव्हत्या. कोकम-जिरे, चिंच-मिरची, करवंद आणि तिरफळ अशा चार चवी तिने योजिल्या होत्या. त्यांतील बहुतेक जिन्नस खानापूरच्या रानातून किंवा चोर्ला घाटापलीकडून गोव्यातून सहज मिळण्यासारखे.

योजना नीटनेटकी होती. मला खटकले ते एवढेच, की त्या आराखड्यात मराठीचा एकही शब्द नव्हता. चवींची नावेसुद्धा इंग्रजी होती, आणि प्रत्येक नावाच्या शेपटाला 'ब्लास्ट' किंवा 'पंच' जोडलेला होता.

वाचकहो, ज्याने आयुष्याची तीस वर्षे मराठीतून परिपत्रके मिळावीत म्हणून निवेदने लिहिण्यात घालवली, त्याच्याच घरातील ही कथा आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती 15 टक्क्यांहून अधिक असलेल्या तालुक्यात त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळाली पाहिजेत, हा नियम मला झोपेतही पाठ आहे. मी तत्काळ भाषण सुरू केले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, तुमच्या वर्गणीच्या पावत्या मराठीत असतात, ते मला माहीत आहे. पण मराठीत कधी काही विकले आहे का तुम्ही?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

आषाढात पहिला घाणा निघाला. साखरेच्या पाकातच कोकमाचा अर्क घालून तिने तो उकळला, साच्यात ओतला, सुंदर माणकासारख्या लाल गोळ्या पाडल्या. तिसऱ्या दिवशी बरण्या उघडल्या तेव्हा गोळ्यांना पाझर फुटला होता. बरणीभर गोळ्यांचा मिळून एकच गोळा झाला होता. दुसऱ्या घाण्याचीही तीच गत. सहा महिन्यांतला एक महिना आणि बावीस हजार रुपये असे विरघळून गेले. बेळगावच्या पावसाला दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण माझी आई, वय वर्षे ब्याऐंशी, काठी टेकत स्वयंपाकघरात आली.

"काय करूलीस गं? पाकात आंबट कशाला घातलंस उकळताना? पाक फुटतो की त्यानं."

आईला रसायनशास्त्र ठाऊक नाही. पण आंबटाबरोबर साखर बराच वेळ उकळली की तिचे विघटन होते आणि अशी साखर हवेतला ओलावा शोषून घेते, हेच ती सांगत होती. आंबट घालायचे ते पाक आचेवरून उतरल्यावर, थोडा निवल्यावर. पुढे आईने पाकाच्या पायऱ्या सांगितल्या: एकतारी, दोनतारी, गोळीबंद आणि शेवटी कडक. थेंब चिमटीत धरून बोटे विलग केली की तार किती येते, थंड पाण्यात टाकलेला थेंब मऊ गोळी होतो की टणकन वाजतो, ही तिची परीक्षा. भाचीने चित्रफिती पाहून 'थ्रेड', 'सॉफ्ट बॉल', 'हार्ड क्रॅक' असे शब्द वहीत उतरवून घेतले होते. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर पायरीला पायरी जुळत होती. कडक पाकाला तापमापक सुमारे 150 अंश दाखवतो आणि आजीच्या वाटीतला थेंबही त्याच क्षणी टणक होतो. भाचीने वहीत इंग्रजी शब्दांसमोर आजीचे शब्द लिहिले. मी सुचवले नव्हते. घाणा उतरवताना आजीशी बोलायचे तर 'हार्ड क्रॅक' म्हणून भागत नव्हते, एवढेच कारण.

तिसरा घाणा टिकला. मग प्रश्न उभा राहिला नावांचा.

एका फळाला किती नावे असावीत? झाडावर असतो तो रातांबा, त्याची साल वाळली की आमसूल, सरबतात गेले की कोकम. गोव्यात त्याला भिंडां म्हणतात, सोलकढीत घालतात ती सोलां, आणि घाटाखालच्या कन्नड मुलुखात त्याला मुरुगलु हे नाव आहे. 'रातांबा' म्हणताच रानातून फिरणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. शहरातल्या मुलाला मात्र तो शब्द ठाऊकच नसतो. आमसूल म्हटले की आमटी आठवते. आम्ही 'कोकम' ठेवले, कारण तो शब्द या सगळ्या मुलुखांत समजतो.

आंबटगोडाची पारख करायला बसलो तेव्हा मला माझ्याच भाषेचे ऐश्वर्य नव्याने कळले. आंबटचिंबट, आंबटढाण, गुळमट, गुळचट, गोडमिट्ट, तिखटजाळ, सपक, पाणचट, मिळमिळीत. हे शब्द म्हणजे चवीची मोजमापेच आहेत. भाची प्रत्येक नमुना आम्हांला चाखायला देई आणि आम्ही शब्द सांगत असू. "गुळचट झाली आहे" असे आई म्हणाली की साखर कमी करायची आणि "आंबटढाण" म्हणाली की अर्क कमी करायचा. आराखड्यात जिथे 'पाच पैकी तीन गुण' अशी रकाने होती, तिथे हळूहळू हे शब्द येऊन बसले. तीन गुणांवरून काय सुधारायचे ते कळत नसे. 'गुळचट' म्हटले की लगेच कळे.

खरी कसोटी लागली ती तिरफळाची. तिरफळ मिरीसारखे तिखट नसते. ते जिभेची संवेदना क्षणभर बधिर करून आत काहीतरी थरथरवते. मी मोठ्या अभिमानाने सुचवले, "याला मराठीत मुंग्या येणे म्हणतात. गोळीचे नाव 'मुंग्या' ठेव."

"मामा, गोळ्यांच्या डबीवर मुंग्या लिहिल्या तर गिऱ्हाईक डबी झाडून बघेल!"

त्या दिवशी घर खूप दिवसांनी हसले. शेवटी नाव ठरले 'झिणझिणी'.

नंतर वेष्टनाचे काम निघाले आणि माझ्यातला कार्यकर्ता पुन्हा जागा झाला. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक, वजन, तारीख, किंमत, उत्पादकाचा पत्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि चौदा अंकी नोंदणी क्रमांक असा बराच मजकूर लागतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत हवा. अन्य भाषा त्यांच्या जोडीला वापरण्यास मोकळीक आहे. लिपी आपली, पण भाषा आपली नाही! 'साखर' आणि 'चीनी' एकाच लिपीत लिहिले जातात. नियमाची पूर्तता मात्र दुसऱ्यानेच होते. त्याशिवाय कर्नाटकात तयार होऊन तिथेच विकल्या जाणाऱ्या मालावर नाव कन्नडमध्येही हवे, असे राज्याच्या 2022 च्या भाषाविषयक कायद्याचे सांगणे. म्हणजे टीचभर कागदावर इंग्रजी सक्तीची, कन्नड सक्तीची आणि मराठी ऐच्छिक. माझ्या मस्तकात निवेदनाचा मसुदा आपोआप तयार होऊ लागला.

भाची म्हणाली, "ऐच्छिक आहे ना? मग इच्छा करूया की."

हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले. सक्तीसाठी आपण झगडतो, आणि झगडलेच पाहिजे, कारण सातबारा किंवा न्यायालयाची नोटीस ही इच्छेची बाब नाही. पण जिथे कुणीही आडवे येत नाही अशा जागा आपण किती रिकाम्या सोडल्या आहेत? दुकानाची बिले, मालाची वेष्टने, लग्नपत्रिकांखालच्या सूचना, औषधाच्या पुडीवर लिहून द्यायच्या वेळा. 1956 पासून आपण दुसऱ्याने नाकारलेल्या मराठीचा हिशेब ठेवत आलो. आपणहून टाकून दिलेल्या मराठीची वही कोणी उघडली नाही.

तिन्ही भाषांचा मजकूर जुळवताना आणखी एक मौज उमगली. चिंच-मिरचीच्या गोळीवर मी 'खारा' शब्द सुचवला, कारण तीत सैंधवही होते. भाचीने तो लगेच खोडला. मराठी माणूस 'खारा' वाचून मीठ समजेल, तर कन्नड माणसाला 'खार' म्हणजे तिखट. हिंदीचा आधार घ्यावा, तर तिथे 'मीठा' म्हणजे गोड आणि आपल्याकडे 'मीठ' म्हणजे नेमके उलट. सारखे ऐकू येणारे शब्द तीन घरांत नांदायला गेले आणि तिघांनी तीन चवी धरल्या. ज्याला सीमेवर राहून धंदा करायचा आहे, त्याला हे ठाऊक असावेच लागते. उलट, खडीसाखरेला कन्नडमध्ये 'कल्लुसक्करे' म्हणतात; त्यातली 'सक्करे' आपल्या साखरेची सख्खी बहीण. इंग्रजांची 'शुगर'सुद्धा आपल्या शर्करेपासून आणि 'कँडी' आपल्या खंडापासून फारसी-अरबीच्या वाटेने गेलेली. गोकाकच्या करदंटाचे नाव आपण मराठीत बिनदिक्कत घेतो. त्यात तळलेला डिंक असा कन्नड अर्थ आहे, हे कितीजणांच्या ध्यानी येते?

गणेश चतुर्थीच्या आधी आठवडाभर आम्ही नमुन्यांच्या बरण्या घेऊन खडेबाजार आणि गणपत गल्ली पालथी घातली. मी पिशवी धरायला. सहा दुकानदारांनी बरणी पाहण्याआधीच मान हलवली. सातव्याने उधारीवर ठेवण्याची अट घातली. आठवा दुकानदार मातृभाषेने कन्नड होता. त्याने वेष्टन वाचले, 'झिणझिणी' हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला, गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"हे आमचे जुम्मनकाय!" तो मराठीतच म्हणाला. "जीभ जुम्म करते म्हणून जुम्मनकाय. तुम्ही त्याला तिरफळ म्हणता. पण झिणझिणी बरोबर आहे. आतून तसेच होते."

कन्नड नावातच ती थरथर होती आणि आम्ही कन्नड ओळीत कोरडे फळाचे नाव नुसते अक्षरांतराने लिहून ठेवले होते! पुढच्या छपाईत ती ओळ त्याच्या सांगण्यावरून बदलली. त्याने पाच बरण्या घेतल्या आणि रोख पैसे दिले. भाचीने ते पैसे मोजले नाहीत. तशीच मूठ मिटून बाहेर आली आणि पायरीवर थोडा वेळ बसून राहिली. मी पिशवी धरून उभा होतो. काही बोलावेसे वाटले नाही.

हे लिहितो आहे तेव्हा सहावा महिना सुरू आहे. वाया गेलेले बावीस हजार अजून भरून निघालेले नाहीत. करवंदाची गोळी चालली नाही, ती बंद केली. 'झिणझिणी'ला मात्र पुन्हा-पुन्हा मागणी येते आणि माझ्या बहिणीने कराराची मुदत, मोठ्या अनिच्छेने का होईना, सहा महिन्यांनी वाढवली आहे. आराखडा आजही लॅपटॉपवर आहे आणि त्याची सूत्रे इंग्रजीतच आहेत. त्याबद्दल मी आता भाषण करत नाही. पण शेजारच्या रकान्यात 'गुळचट', 'आंबटढाण', 'पाक फुटला' असे शब्द आहेत, कारण त्यांच्यावाचून तिचे काम अडते.

जी भाषा नसल्याने कुणाचेही काम अडत नाही, तिची अवस्था काय होते, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून सीमाभागातील प्रत्येक उद्योगी तरुणाला माझी एक विनंती आहे. तुमच्या मालावर मराठीची एक ओळ असू द्या, आणि ती इंग्रजीचे भाषांतर नसू द्या. आधी माल चाखा, घरातल्या वडीलधाऱ्यांना चाखू द्या, आणि त्यांच्या तोंडून जो शब्द पहिल्यांदा बाहेर पडेल तो लिहून ठेवा. आमच्या घरी तो टिपून ठेवण्यासाठी आता कढईशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. परवा आईने नव्या घाण्यातली गोळी तोंडात धरून बराच वेळ काहीच म्हटले नाही. भाची पेन्सिल घेऊन उभी होती. शेवटी आई म्हणाली, "आता जमूलंय." तो शब्द तिने तसाच उतरवून घेतला.