खापरचा उन्हाळा

मे महिन्यात मुलगा व सून सिकलसेल तपासणीच्या शिबिरासाठी खापरला गेली. नातवंडांना सांभाळण्यास मीही गेले. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे हे अक्कलकुवा तालुक्यातले गाव. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस जवळच गुजरातची हद्द. अंगणोअंगणी आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत होत्या.

शरीरात पाणी कमी पडले की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून वेदना उसळतात, म्हणून पाणी पाजत राहा, असे सून प्रत्येक आईला सांगे. चौथ्या दिवशी तिच्याच दोन वर्षांच्या धाकट्याला जुलाब लागले. दुपारपर्यंत लघवी नाही, रडताना डोळ्यांत टिपूस नाही. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ती चमच्याचमच्याने पाजत राहिली. गुंगी आल्यास रुग्णालयात नेण्यासाठी जीप दाराशी होती. मुलगा मात्र बाहेरची रांग सांभाळत होता; मला त्याचा राग आला, हे कबूल करते.

संध्याकाळी झबले ओले झाले. शेजारची आजी माझ्याकडे पाहून आपल्या बोलीत काही म्हणाली. सून हसली, "आई, तुम्ही सकाळपासून पाणी प्यालात का, असं त्या विचारताहेत."

प्याले नव्हते. उतारवयात तहान नीट जाणवत नाही, हे ठाऊक असूनही. आजीने तांब्या पुढे केला.